अपस्मार : समजुतीपासून नोंदीपर्यंत

माणसाला चारचौघांदेखत गाठणाऱ्या व्याधी फार थोड्या आहेत. अपस्मार ही त्यांपैकी एक होय. क्षयाचा रोगी घरात झिजत जातो, मधुमेह वर्षानुवर्षे नकळत पोखरीत असतो. अपस्माराचा झटका मात्र बाजारात, शाळेत, लग्नाच्या पंक्तीत, देवळाच्या आवारात, कोठेही येतो. उभा माणूस एकाएकी कोसळतो. अंग ताठ होते, हातपाय झडू लागतात, डोळे फिरतात, तोंडाला फेस येतो, क्वचित जीभ चावली जाते. दोन-तीन मिनिटांनी सारे शांत होते आणि काही वेळाने तो गोंधळलेल्या नजरेने उठून बसतो. काय घडले ते त्याला आठवत नसते. पाहणाऱ्यांना मात्र ते जन्मभर आठवते. या व्याधीला जी नावे मिळाली आणि जे उपाय योजिले गेले, ते बहुतांशी पाहणाऱ्यांच्या भयातून आले आहेत.

बेळगाव-निपाणीच्या आपल्या भागात या व्याधीला नावे पुष्कळ. मराठी घरात तिला फेफरे, आकडी किंवा मिरगी म्हणतात. शेजारच्या कानडी घरात ती 'मूर्छे रोग' होते. वैद्य तिला अपस्मार म्हणतो आणि हल्ली खेड्यापाड्यांतूनही 'फीट आली' हा शब्द रुळला आहे. नावे वेगळी असली तरी समजुती मात्र भाषेची सीमा पाळीत नाहीत. झटका आला की कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी वहाण हुंगवितो, कोणी मुठीत किल्ली किंवा लोखंडाचा तुकडा देतो. आणि आश्चर्य असे की, या प्रत्येक उपायाने 'गुण' येतो!

श्रोतेहो, या व्याधीच्या इतिहासाची किल्ली येथेच आहे. अपस्माराचा झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो. त्याला थांबविण्यास वहाण लागत नाही, कांदाही लागत नाही. पण त्या दोन-तीन मिनिटांत जवळचा माणूस जे काही करतो, त्याच्या पदरी श्रेय पडते. वहाण हुंगविल्यावर झटका थांबला, म्हणून वहाणेने थांबला, असा सरळ हिशेब मांडला जातो. मोठ्या काळाच्या बाबतीतही हेच घडते. काही मुलांची आकडी वय वाढले की आपोआप जाते. काहींना वर्ष-वर्ष झटका येत नाही. त्या अवधीत जो अंगारा लावला असेल, जो गंडा बांधला असेल, जो नवस बोलला असेल, त्याला यश येते. हजारो वर्षे माणूस या फसव्या हिशेबात अडकून पडला. त्यातून तो कसा सुटला आणि अजून किती सुटावयाचा आहे, हे पाहणे आजच्या भाषणाचा हेतू आहे.

आपल्याकडील प्राचीन वैद्यकाने या व्याधीचे निरीक्षण किती बारकाईने केले होते, हे चरकसंहिता वाचली म्हणजे ध्यानात येते. अपस्मार या शब्दाचा अर्थच स्मृतीचा अपगम, म्हणजे भान हरपणे. चरकाने वात, पित्त, कफ आणि तिन्ही दोषांचा संनिपात असे त्याचे चार प्रकार सांगितले. झटक्यापूर्वीची लक्षणेही नोंदविली आहेत: भुवया उडणे, डोळ्यांत विकृती दिसणे, नसलेले आवाज ऐकू येणे, लाळ गळणे. आजचे मेंदुतज्ज्ञ झटक्याची पूर्वसूचना म्हणून रोग्याला जे प्रश्न विचारतात, त्यांत या गोष्टी येतात. भूतादिकांचा संबंध कधी मागाहून जडू शकतो, असे तो ग्रंथ मानतो हे खरे. तथापि मूळ कारण तो शरीरातील दोषांत व मनाच्या अवस्थेत शोधतो. उन्मादाच्या प्रकरणात तर देव, गंधर्व, पिशाच यांना बोल लावू नये, असा स्पष्ट उपदेश आहे. चिकित्सेत पंचगव्य घृत, ब्राह्मी घृत यांसारखे योग दिले आहेत. पण सर्वांत शहाणपणाचे वाक्य औषधाचे नव्हे. अपस्माराच्या रोग्याला पाणी, अग्नी, झाड, डोंगर आणि अवघड जागा यांपासून सदैव जपावे, कारण ती तत्काळ प्राण घेतात, असे चरक बजावतो. विहिरीवर पाण्याला गेलेली, चुलीपुढे बसलेली, माडीवर चढलेली रोगी व्यक्ती डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हे वाक्य कालबाह्य झालेले नाही हे पटेल.

ग्रीसमध्ये ख्रिस्तपूर्व सुमारे ४०० च्या काळात हिपोक्रेटिसच्या परंपरेतील एका वैद्याने या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ग्रीक लोक या व्याधीला 'पवित्र रोग' म्हणत. ग्रंथकाराने म्हटले की, ही व्याधी इतर व्याधींहून अधिक दैवी नाही; तिचे स्थान मेंदूत आहे आणि लोक तिला दैवी म्हणतात ते आपले अज्ञान झाकण्यासाठी. बकऱ्यांना असाच रोग होतो आणि त्यांचे डोके फोडून पाहिले तर मेंदूत पाणी साचलेले दिसते, असा पुरावाही त्याने दिला. पुरावा कच्चा होता, दिशा बरोबर होती. परंतु चरकाचे काय किंवा या ग्रीक वैद्याचे काय, ग्रंथ ग्रंथातच राहिला आणि घराघरांतील व्यवहार जुन्याच वाटेने चालत राहिला.

आपल्या प्रदेशापुरते बोलायचे तर ती वाट देवस्थानांकडे जात असे. बाधा झाली असे मानले की रोग्याला नरसोबाच्या वाडीला किंवा गाणगापूरला दत्ताच्या पायांशी नेत. सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलत. दुखण्याने हवालदिल झालेल्या कुटुंबाला देवाच्या दारी जो धीर मिळतो, त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. पण या नवसांची किंमत कधीकधी दुसऱ्यालाच मोजावी लागे, हे विसरून चालणार नाही. घरातले दीर्घ दुखणे हटावे म्हणून मुलगी देवीला सोडण्याचा नवस बेळगाव जिल्ह्यात व सीमेच्या अलीकडे-पलीकडे बोलला जात असे. त्या प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि कर्नाटकात १९८२ साली कायदा करावा लागला. एकाच्या व्याधीपायी दुसरीचे आयुष्य गहाण पडावे, ही समजुतीची किंमत लहान नव्हे.

इंग्रजी अमदानीत आधुनिक रुग्णालये आली. मिरजेस डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिशनचे इस्पितळ उघडले आणि बेळगाव-निपाणीकडचे रोगी आगगाडीने व गाडीवाटेने तेथे जाऊ लागले. पण अपस्माराच्या वाट्याला या सुधारणेतून प्रथम आले ते वेड्यांचे इस्पितळ. धारवाडला व रत्नागिरीस अशी इस्पितळे एकोणिसाव्या शतकातच निघाली होती. रत्नागिरीचे इस्पितळ १८८६ सालचे. त्या काळच्या अशा इस्पितळांतून देशभर आणि विलायतेतही अपस्माराचे रोगी वेड्यांबरोबर ठेवले जात. वस्तुतः अपस्मार म्हणजे वेड नव्हे. दोन झटक्यांमधल्या काळात बहुतेक रोगी इतरांसारखेच बुद्धिमान व कर्तबगार असतात. तरी एका छपराखाली ठेवल्याने दोन्ही शब्द जोडीने उच्चारले जाऊ लागले. या जोडीचा दंश किती लांबवर पोचला, ते पुढे येईलच.

या गोंधळातून सुटका झाली ती दोन मार्गांनी. पहिला मार्ग शोधाचा. लंडनचे डॉ. जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी १८७३ साली असे मांडले की, झटका म्हणजे मेंदूच्या करड्या भागातून मधूनमधून, एकाएकी आणि अतिरेकाने होणारे विसर्जन होय. मेंदूचा कोणता भाग पेटतो त्यावर लक्षण ठरते. एका हाताचे झडणे, क्षणभर शून्यात पाहत राहणे, विचित्र वास येणे, पुरती शुद्ध हरपणे, ही सारी एकाच व्याधीची निरनिराळी रूपे ठरली. जॅक्सन यांनी केवळ निरीक्षणाने जे ओळखले, ते जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या मेंदूच्या विद्युत्-आलेखामुळे कागदावर रेघांच्या रूपाने पाहता येऊ लागले. भूत म्हणून ज्याला घाबरायचे, ती मेंदूतील विजेची क्षणिक अव्यवस्था निघाली.

दुसरा मार्ग औषधाचा, आणि तो अधिक बोधप्रद आहे. १८५७ साली, म्हणजे इकडे बंडाचा वणवा पेटला त्याच वर्षी, लंडनच्या एका वैद्यकसभेत सर चार्ल्स लोकॉक यांनी ब्रोमाइडचा अनुभव सांगितला. स्त्रियांच्या आकडीचा मासिक धर्माशी संबंध आहे, अशा तर्काने त्यांनी ते दिले होते. चौदा-पंधरा रुग्णांपैकी एक सोडून बाकी सर्वांना गुण आला, असे त्यांचे म्हणणे. तर्क चुकीचा होता. औषध मात्र खरे होते. हे ठरले कशावरून? रुग्णालयांतून झटके मोजले गेले यावरून. औषधापूर्वी महिन्यात किती आणि नंतर किती, हा आकडा कोणाच्या श्रद्धेवर अवलंबून नव्हता. पुढे १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांना फेनोबार्बिटल या झोपेच्या औषधाने झटके कमी होतात, असे आढळले. १९३८ साली अमेरिकेत मेरिट व पुटनम यांनी प्राण्यांवर प्रयोग करून निवडलेले फेनिटॉइन पुढे आले. रोग्याला गुंगी न आणता झटका रोखता येतो, हे या औषधाने दाखविले. नंतरच्या दशकांत कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट आणि आणखी कितीतरी औषधे आली. या सर्वांच्या मागे एकच साधी शिस्त आहे: गुण आला असे म्हणण्यापूर्वी मोजावे. वहाणेच्या आणि गंड्याच्या बाबतीत हे मोजमाप कोणी केले नव्हते.

कारणांचा शोधही याच शिस्तीने लागला. हिंदुस्थानात नोकरी करून मायदेशी परतलेल्या ब्रिटिश सैनिकांपैकी काहींना वर्षा-दोन वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, फेफरे येऊ लागे. विलायतेतील लष्करी डॉक्टरांनी विसाव्या शतकात अशा रोग्यांचा पाठपुरावा केला. १९६१ साली डिक्सन व लिप्सकोम यांनी ४५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कारण निघाले डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची अळी. ही अळी मेंदूत जाऊन बसते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा रोग केवळ मांस खाणाऱ्यालाच होतो असे नव्हे. कृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून अंडी मातीत व पाण्यात जातात आणि न धुतलेल्या भाजीबरोबर शाकाहारी माणसाच्याही पोटात उतरतात. बेळगावसारख्या लष्करी छावण्यांत राहून गेलेल्या शिपायांमुळे जे कळले, ते आज घराघरांतील भाजी धुण्याच्या सवयीला आणि शौचालयांच्या वापराला लागू आहे. याखेरीज जन्मवेळी मेंदूला प्राणवायू कमी पडणे, डोक्याला मार लागणे, मेंदूज्वर, पक्षाघात, मेंदूतील गाठ ही कारणे असतात. काही प्रकार आनुवंशिक असतात. आणि सुमारे निम्म्या रुग्णांत नेमके कारण सापडत नाही. पण हा रोग स्पर्शाने होत नाही, हे निश्चित. झटका आलेल्या माणसाला हात लावण्यास भिऊ नये.

कर्नाटकात या व्याधीचा एक विशेष प्रकार आढळतो. बंगळूरचे डॉ. के. एस. मणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली त्याची नोंद केली. काही जणांना डोक्यावरून कढत पाणी घेतल्यावरच झटका येतो. हंड्यात पाणी तापवून तांब्यामागून तांब्या भराभर डोक्यावर ओतण्याची रीत आपल्याकडे आहे. न्हाण्याच्या दिवशी मुलांना तसेच न्हाऊ घालतात. १९८८ साली बंगळूरच्या निमहान्स संस्थेतील संशोधकांनी अशा २७९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेमके न्हाणीघरातच मूल कोसळते म्हटल्यावर तेथे काही बाधा आहे, असे एखाद्या घराला वाटले तर नवल नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, काय करीत असता झटका आला, याची नोंद ठेवली म्हणजे मात्र गाठ उकलते. पाणी कोमट ठेवणे हा यावरील पहिला उपाय. तेवढ्याने न भागल्यास डॉक्टर औषध देतात.

मग खेड्यातील रोग्याला हे औषध परवडेल काय? या प्रश्नाचे उत्तरही कर्नाटकातच मिळाले. बंगळूरच्या परिसरात सुमारे एक लाख लोकांची पाहणी झाली, तेव्हा दर हजारी ८.८ लोकांना अपस्मार आढळला. शहरात हे प्रमाण ५.७, तर खेड्यांत ११.९, म्हणजे दुप्पट होते. जेथे डॉक्टर कमी, तेथे रोगी अधिक! डॉ. मणी यांनी चामराजनगर जिल्ह्यातील येळंदूर तालुक्यात ग्रामीण रुग्णांना फेनोबार्बिटल किंवा फेनिटॉइन या जुन्या, स्वस्त औषधांवर ठेवून पाच वर्षे पाठपुरावा केला. २००१ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचा वृत्तांत आला. निम्म्याहून अधिक रुग्णांचे झटके दीर्घकाळ थांबले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे ५ कोटी लोकांना ही व्याधी आहे आणि योग्य उपचार मिळाल्यास त्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक झटक्यांवाचून जगू शकतात. उरलेल्यांपैकी काहींना मेंदूवरील शस्त्रक्रियेचाही उपयोग होतो.

औषध सापडले, स्वस्त झाले. तरी समाजाने रोग्याला मोकळे केले नाही. मघाशी उल्लेखिलेली जोडी येथे पुन्हा भेटते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली दुरुस्ती झाली, तेव्हा विवाहास अपात्र ठरविणाऱ्या कलमात वेडाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांबरोबर अपस्मारही घातला गेला. असा विवाह न्यायालयातून रद्द करवून घेता येई. २३ वर्षे हा शब्द कायद्यात होता. डॉक्टर व रुग्णांच्या संघटनांच्या प्रयत्नांनंतर १९९९ च्या दुरुस्तीने तो वगळण्यात आला. १९५६ साली हा सीमाभाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, राज्याचे नाव पुढे कर्नाटक झाले. पण हा कायदा केंद्राचा असल्याने कोल्हापूरच्या व निपाणीच्या मुलीला तो सारखाच लागू होता आणि सारखाच सुटला.

कायद्यातून शब्द गेला तरी माजघरातून गेला नाही. मुलीला आकडी येते हे स्थळाला सांगायचे नाही, असे ठरते. लग्न होते. सासरी गोळ्या कोणाच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून त्या लपवून घ्याव्या लागतात, मग चुकतात, मग बंद होतात. लग्नाची दगदग, जागरणे आणि उपवास यांनी शरीर आधीच थकलेले असते. अशा वेळी झटका येतो आणि खोटेपणाचा ठपकाही येतो. व्याधीने केले नसते इतके नुकसान लपवाछपवी करते. म्हणून लग्नापूर्वी दोन्ही घरांना सांगावे, हेच श्रेयस्कर. अपस्मार असलेल्या बहुतेक स्त्रियांना निरोगी मुले होतात. मात्र काही औषधे, विशेषतः व्हॅल्प्रोएट, गर्भाला अपायकारक असतात. म्हणून दिवस जाण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून औषध ठरवावे आणि आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नये.

श्रोतेहो, गोळी बंद करण्याचा मोह सर्वांनाच होतो, आणि त्याच्या मुळाशी तोच जुना हिशेब असतो. सहा महिने झटका नाही, म्हणजे रोग गेला. आता गोळी कशाला? झटका नाही तो गोळीमुळे, हे लक्षात येत नाही. औषध एकाएकी तोडल्यास झटक्यामागून झटका येऊन प्राणावर बेतू शकते. साधारणतः दोन वर्षे किंवा अधिक काळ झटक्यावाचून गेल्यावर डॉक्टर हळूहळू औषध कमी करण्याचा विचार करतात. तो निर्णय त्यांचाच.

प्रत्यक्ष झटका येईल तेव्हा करावयाचे थोडेच असते. रोग्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, गळ्याशी कपडे सैल करावेत, विस्तव, पाणी व टोकदार वस्तू दूर कराव्यात. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. घड्याळाकडे पाहावे. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, शुद्ध न येता दुसरा झटका आला, किंवा पहिलाच झटका असला तर ताबडतोब दवाखान्यात न्यावे. लहान मुलांना तापात येणारी आकडी बहुधा अपस्मार नसते. तरीही डॉक्टरांना दाखवावेच.

आपल्या भागातला रोगी कधी बेळगावच्या रुग्णालयात, कधी मिरजेला, कधी कोल्हापूरला जातो. एका गावचा कागद मराठीत, दुसऱ्याचा कानडीत, तिसऱ्याचा इंग्रजीत. अशा वेळी सलग नोंद राहते ती घरातच. भिंतीवर दिनदर्शिका असतेच. झटका आला त्या तारखेवर खूण करावी, वेळ लिहावी, किती मिनिटे चालला आणि त्याआधी काय चालले होते ते लिहावे. गोळी चुकली असेल तर तेही लिहावे. डॉक्टर कोणत्याही गावचा असो, तो कागद त्याला वाचता येईल, आणि झटके खरोखर कमी झाले की नाहीत, हे घरातील प्रत्येकाला आपल्या डोळ्यांनी पाहता येईल.